कडी कोणी पाहायची?

खानदेशात आखाजी आली की गावोगाव कडुनिंबाच्या आणि वडाच्या फांद्यांना झोके चढतात. माहेरी आलेल्या लेकी त्यांवर बसून गाणी म्हणतात आणि लहान पोरी आपल्या पाळीची वाट पाहत भोवती उभ्या राहतात. कोकणात आणि देशावर हाच मान नागपंचमीच्या झोक्याला आहे. दोन्हीकडची एक रीत मात्र सारखीच. दोर बांधून झाला की घरातले कोणी जाणते माणूस तो हाताने ओढून पाही, गाठ चाचपी, फांदीकडे एकदा निरखून बघे आणि मग स्वतः झोक्यावर बसून दोन-चार हेलकावे घेई. त्यानंतरच पोरांना 'बसा आता' अशी आज्ञा होई. या रीतीला कोणी भारदस्त नाव दिले नव्हते. मूल बसण्याआधी मोठ्याने बसून पाहावे, एवढाच तो शहाणपणाचा व्यवहार होता. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाने झोका बागेतल्या लोखंडी सांगाड्यावर सोपवला. पण त्या जाणत्या माणसाचे काम कोणावर सोपवले, याचा विचार अद्याप झालेला नाही.

सुरतेच्या नवागामकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न विशेष टोचतो. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने खानदेश आणि सुरत यांची सांगड शतकापूर्वीच घातली. त्या वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत स्थिरावली. तेथे रस्त्यात अहिराणी कानी पडते, भाद्रपदात गणपतीचे मांडव उभे राहतात, त्या शहरात महापालिकेच्या मराठी शाळाही भरतात. माणसे यंत्रमागांवर आणि कापडबाजारात राबतात. पाळी बहुधा बारा तासांची, घर एका-दोन खोल्यांचे. गावाकडे ज्याला अंगण म्हणत ते या घरांना नाही. म्हणून वस्तीतली बाग, शाळेपुढची मोकळी जागा आणि तेथील घसरगुंडी-झोपाळा हेच अशा मुलांचे अंगण होय. मलबार टेकडीवरच्या कमला नेहरू उद्यानात मूल सहलीला जाते. वस्तीतल्या बागेत ते रोज जाते. जेथे एका झोपाळ्यामागे दहा-दहा मुलांची रांग लागते, तेथील साखळी निवांत उपनगरातल्या साखळीपेक्षा कितीतरी लवकर झिजते, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आणि या मुलांवर लक्ष कोणाचे असते? 'मुलांनी पालकांच्या देखरेखीखालीच खेळावे' अशा पाट्या बागांतून लावलेल्या असतात. पाटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाकावर बसलेले आईबाप असतात. कामकऱ्यांच्या वस्तीत संध्याकाळी बागेत येणारा पालक म्हणजे पुष्कळदा सात-आठ वर्षांची थोरली बहीण, आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ. तिने त्याला झोपाळ्यावर बसवायचे, मागून झोका द्यायचा आणि जमल्यास आपली पाळीही साधायची. वरच्या आकड्याचे तोंड उघडले आहे की काय, हे तिने पाहावे अशी अपेक्षा आपण करतो काय? करीत नसू, तर ते काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, हे मान्य करावे लागेल.

खेळात पडणे-झडणे आलेच, गुडघे फुटल्यावाचून बालपण सरत नाही, असा एक युक्तिवाद या विषयावर नेहमी ऐकू येतो. तो खोटा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्यासोबत काम करून पुढे १९४५ मध्ये आपल्याच किनाऱ्यावरच्या बोर्डीत बालशिक्षणाचा प्रयोग मांडणाऱ्या ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्राला शिकवले, की खेळ हा मुलाचा रिकामपणा नसून त्याचे काम आहे. चढणे, लोंबकळणे, तोल सावरणे यांतून मूल आपल्या शरीराचा अंदाज घेते. तेव्हा खेळातला सगळाच धोका काढून टाकावा, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. मात्र धोक्याच्या दोन जाती आहेत. घसरगुंडी उंच आहे हे मुलाला दिसते; ते घाबरते, थांबते, पुन्हा चढते आणि धीट होते. तो धोका त्याचा आहे, आणि त्याच्याशी झुंजण्याचा हक्कही त्याचाच. परंतु त्याच घसरगुंडीचा खांब जमिनीलगत आतून गंजला आहे हे त्याला दिसत नाही, आणि दिसले तरी उमगत नाही. त्या धोक्यातून ते काही शिकत नाही; त्याला केवळ बळी पडते. पहिला धोका मुलाकडे राहू द्यावा, दुसरा मोठ्यांनी निवारावा. नित्य तपासणीचे सारे तत्त्व एवढ्यात आले.

हे तत्त्व विसरल्याची किंमत आपण वारंवार मोजली आहे. १४ जुलै २०१९ रोजी, रविवारच्या संध्याकाळी, अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी एक यांत्रिक पाळणा चालू असतानाच तुटून खाली आला. दोघांचा जीव गेला आणि पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळीच्या सुटीत, मोरबीचा झुलता पूल कोसळून १३५ जणांनी मच्छू नदीत प्राण गमावले. त्यांत मुलेही कितीतरी होती. चौकशी पथकाला पुढे असे आढळले, की पुलाच्या एका मुख्य दोरातील ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्याच्या पालिका उद्यानात पाण्याच्या टाकीत पडून दोन चिमुरडी भावंडे दगावली. टाकीवर धड झाकण नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची आपण होऊन दखल घेतली. आणि खुद्द सुरत २४ मे २०१९ ही तारीख कशी विसरेल? सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीला लागलेल्या आगीत शिकवणीला आलेली २२ मुले गेली.

पाळणा, पूल, टाकी आणि इमारत या वस्तू वेगळ्या. प्रत्येकीचा कायदा आणि खातेही वेगळे. पण एक गोष्ट सर्वांना समान आहे. अपघाताच्या आदल्या दिवशीही दोष तेथेच होता. तारांना गंज एका रात्रीत चढत नाही, आणि झाकणाची उणीव वाऱ्याच्या झुळुकीने निर्माण होत नाही. पाहणाऱ्याला ती दिसली असती. पाहिल्यावर थांबवण्याचा अधिकार त्याला असता, तर अनर्थ टळला असता. आपल्याकडे मात्र 'बैल गेला अन् झोपा केला' हाच शिरस्ता. दुर्घटना घडते, चौकशी बसते, दोघे-चौघे निलंबित होतात, महिनाभर तपासणीची मोहीम धडाक्याने चालते आणि मग सारे थंडावते. मोहीम आणि नित्यक्रम यांतला फरक आम्हाला येथे अधोरेखित करावयाचा आहे. मोहिमेला कारण म्हणून कोणाचे तरी मरण लागते. नित्यक्रमाला फक्त वार आणि वेळ लागते.

किनाऱ्यावरच्या वाचकाला गंज म्हणजे काय हे शिकवायला नको. खारा वारा खिडकीचे गज कसे पोखरतो, हे तो घरीच पाहतो. नारळी पौर्णिमेनंतर होडी समुद्रात लोटण्याआधी कोळी तिची फळी न् फळी तपासतो, ते हौस म्हणून नव्हे. बागेतला लोखंडी खांब सर्वांत आधी सडतो तो जमिनीशी, जेथे तो काँक्रीटमधून वर येतो आणि पावसाचे पाणी साचून राहते. वरून त्याला निळा-पिवळा रंग चढवला जातो, आणि तो रंगच मोठी फसवणूक करतो. कारण आतली नळी कागदासारखी पातळ झाली तरी बाहेरून खांब नवाकोरा दिसतो. लहान हातोडीने ठोकून पाहावे, खणखणीत आवाज येतो की बद्द, यावरून जाणकाराला पुष्कळ कळते. रंगकाम म्हणजे देखभाल, असे समजणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने ही हातोडी एकदा हातात घ्यावी.

तपासणीचे शास्त्र काही अगम्य नाही. युरोपातील मानकाने तिच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली केवळ नजरेची. जेथे वर्दळ फार तेथे ती रोजसुद्धा करावी. काय तुटले, काय सैल झाले, काचा कोठे पडल्या, एवढे तीत पाहायचे. दुसरी एक ते तीन महिन्यांनी. तीत साधन हलवून, ओढून, त्याची झीज आणि मजबुती पाहायची. तिसरी वर्षातून एकदा, जाणकाराकडून. पाया, सांधे, गंज आणि आधीच्या दुरुस्त्या यांचा तीत पुरता झाडा घ्यायचा. अमेरिकेतही १९८१ सालापासून ग्राहक-सुरक्षा आयोगाची या विषयावरची मार्गदर्शिका प्रचारात आहे. या दोन्हींतल्या सूचना वाचल्या म्हणजे वाटते, की त्या कोणा विद्वानाने नव्हे तर एखाद्या काळजीवाहू आजीने लिहिल्या असाव्यात.

झोपाळ्याची साखळी ज्या आकड्याला अडकते, त्याचे तोंड इतके मिटलेले हवे की जेमतेम एक मिलिमीटरची फट राहावी. त्याहून अधिक उघडले की तो बदलायचा किंवा मिटवायचा. कडी झिजते ती आतल्या बाजूने, जेथे लोखंड लोखंडावर घासते. म्हणून साखळी उचलून, तिचा ताण काढून पाहावे लागते. खाली उभे राहून पाहणाऱ्याला ती शाबूतच वाटते. बैठक जड फळीची किंवा पत्र्याची नको, रबराची हवी. कारण रिकामा झोपाळा परत येतो तो नेमका मागे उभ्या असलेल्या लहानग्याच्या कपाळावर. कठड्याच्या दोन गजांतले अंतर साडेतीन इंचांहून कमी किंवा नऊ इंचांहून अधिक असावे. मधल्या मापाच्या फटीतून मुलाचे अंग पार होते आणि डोके अडकते. घसरगुंडीच्या माथ्याशी बाहेर आलेला एखादा बोल्ट दिसायला क्षुल्लक. पण त्यात मुलीची ओढणी किंवा गळ्यातल्या ताइताचा दोरा अडकला आणि मूल खाली घसरले, तर तोच गळफास होतो. फिरत्या चक्राला वंगण, सी-सॉच्या बिजागरीवर झाकण, उन्हाने तडकलेल्या फायबरच्या कडा, वैशाखात तव्यासारखा तापणारा पत्रा, पावसाळ्यात दिव्याच्या खांबाशी उघडी पडलेली वायर: यादी लांब आहे, पण तीत कठीण असे काही नाही.

या यादीत सर्वांत दुर्लक्षित राहते ती जमीन. खेळाच्या साधनांवर होणाऱ्या दुखापतींपैकी बहुतेक पडण्याने होतात, हे आता सर्वमान्य आहे. मूल किती उंचीवरून पडले याइतकेच ते कशावर पडले यालाही महत्त्व आहे. आणि आपण करतो काय? बागेचे 'सुशोभीकरण' काढले, की झोपाळ्याच्या खाली फरशा बसवतो. चिखल होत नाही, छायाचित्र चांगले येते. पायांनी तुडवून कडक झालेली माती किंवा गवतसुद्धा जेथे पुरेसे संरक्षण मानले जात नाही, तेथे सिमेंटच्या ठोकळ्यांविषयी काय बोलावे? नऊ इंच सैल वाळूचा थर सुमारे चार फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळतो, असे वरील मार्गदर्शिका सांगते. पण झोपाळ्याखाली मुलांचे पाय ती वाळू सारखी बाजूला लोटत असतात आणि नेमक्या नको त्या जागी खड्डा पडतो. तेव्हा दाताळ्याने वाळू रोज ओढून सारखी करणे, हे माळ्याच्या कामात लिहिलेले असले पाहिजे. रोपांना पाणी घालण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे.

'एवढे रोज कोण बघणार?' असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर सुरतेनेच देऊन ठेवले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने हे शहर ओस पडले होते. माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली; त्यांत खानदेशाकडे परतलेली कुटुंबेही होती. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी कोणते अद्भुत यंत्र आणले नाही. शहराचे विभाग पाडले, विभागप्रमुखांना अधिकार दिले आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना रोज सकाळी वातानुकूलित खोलीतून उठवून रस्त्यावर, गटारापाशी, वस्तीत पाठवले. रोज पाहायचे, रोज लिहायचे, रोज उत्तर द्यायचे. दोनच वर्षांत सुरत देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरच्या बरोबरीने तिने पहिला क्रमांक मिळवला. जे शहर उकिरड्याची रोज पाहणी करून आपले दैव पालटू शकले, त्याला झोपाळ्याची पाहणी जड का जावी? शिवाय हे मागांचे शहर आहे. मागाचे तेलपाणी चुकले तर त्याच दिवशी कापडात दोष उतरतो, हे नवागामचा प्रत्येक कारागीर जाणतो. कापडाला जो न्याय, तो लेकराला नसावा काय?

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे नगरपालिकांच्या विषयांत घातली आहेत. मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने त्याच वर्षी स्वीकारला. आणि त्याहून जुना, पण अधिक बोलका असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा एक निकाल आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातले पालिकेचे घंटाघर १९५१ मध्ये कोसळून माणसे मेली होती. दोष वरून दिसत नव्हता, ही पालिकेची सबब न्यायालयाने फेटाळली. ऐंशी वर्षांची इमारत, तिच्या चुन्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. अशा वेळी जाणकाराकडून नियमित तपासणी करून घेणे हे मालकाचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने बजावले. जे रस्त्याकडेच्या मनोऱ्याला लागू, ते मुलांना आपण होऊन बोलावणाऱ्या रंगीत झोपाळ्याला अधिकच लागू असले पाहिजे. तिकिटाच्या पाळण्याला परवाना लागतो. फुकटच्या झोपाळ्याला विचारणारा कोणी नसावा, ही कोणती नीती?

पैशाची अडचण पुढे केली जाईल, तीही तपासून पाहू. नवे उद्यान बांधायला लाखो रुपये निघतात, कारण तेथे फीत कापायची असते आणि कोनशिलेवर नाव कोरायचे असते. पाना, हातोडी, वंगणाचा डबा आणि नोंदवही यांचे उद्घाटन होत नाही. नव्याचे नऊ दिवस संपले, ठेकेदाराच्या हमीची मुदत सरली, की ती साधने अनाथ होतात. खरी उणीव द्रव्याची नाही. अमुक एका माणसाने हे पाहायचे आहे, असे कोणी कोणाला नेमून सांगितलेले नाही, ही आहे. आणखी एक पळवाट असते. एखादे साधन मोडले, की ते दुरुस्त न करता काढूनच टाकायचे. मग बाग सुरक्षित होते खरी; पण मुले रस्त्यावर आणि रुळांकडे खेळायला जातात. तो उपाय नव्हे.

आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक बागेसाठी एक पद जबाबदार धरावे आणि त्या पदावरील माणसाला, दोष दिसताच साधनाला जागीच कुलूप घालण्याचा अधिकार असावा. वरून लेखी आदेश येईतो थांबणे म्हणजे अपघाताला मुदत देणे. रोजची नजर माळ्याची, तिमाहीची तपासणी विभागाच्या अभियंत्याची, आणि वर्षाची, पावसाळा संपल्याबरोबर, ज्याचा ठेक्याशी संबंध नाही अशा जाणकाराची असावी. शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली, हे बागेच्या दारावर खडूने का होईना लिहिलेले असावे; नवागामात ते गुजरातीबरोबर मराठीतही असावे. बागेत पडून जखमी झालेले मूल पालिकेच्या दवाखान्यात आले, तर त्याची खबर उद्यानखात्याला त्याच आठवड्यात जावी. म्हणजे एकाच घसरगुंडीवरून तिसरे मूल पडण्याची वाट पाहावी लागणार नाही. हे सुरतेपुरते नाही. वसई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी, जेथे जेथे खारा वारा आणि मुलांची बाग एकत्र आहेत, तेथे तेथे हे तितक्याच निकडीने लागू आहे.

आणि नागरिकांनी केवळ बोट दाखवून मोकळे होऊ नये. गणेशोत्सवात मांडवाची कळक न् कळक आणि सुतळी न् सुतळी तपासणारी तरुण मंडळे आपल्यात आहेत. त्यांनी महिन्यातून एक सकाळ आपल्या बागेला द्यावी, दोष टिपावा, पालिकेला लेखी कळवावा आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नये. अधिकार मागताना आपण पुढे असतो. पाहण्याचे, चाचपण्याचे, नोंद ठेवण्याचे कंटाळवाणे काम आले की मागे सरतो. स्वराज्य म्हणजे अखेर हेच कंटाळवाणे काम आपले म्हणून करणे होय. पुढच्या आखाजीला नवागामची एखादी चिमुरडी भावाला कडेवर घेऊन बागेत येईल आणि झोपाळ्याकडे धावेल. ती वर कडीकडे पाहणार नाही. तिने पाहायचेही नाही. तिच्या आधी येऊन, दोर ओढून, स्वतः बसून पाहणारे ते जाणते माणूस पालिकेने आणि आपण मिळून पुन्हा तेथे उभे केले पाहिजे.